उभं कुठे राहायचं

मार्लो फेरी,
६ जानेवारी

प्रिय व्हर्ना,

पार्सल मिळालं. मोजे अगदी मापाचे आहेत. बटाट्याच्या पोळ्यांचा मात्र वाटेत भुगा झाला. लोणी घालून चमच्याने खाल्ला. टाकवेना, आपल्या आईची आठवण आली.

आता मुद्द्याचं. आमचा गव्हर्नर थॅकर महिनाभर नदी ओलांडून तुमच्याकडे मुक्काम ठोकून बसलाय, असं पेपरात वाचते. त्याला पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचंय, आणि ती उमेदवारी मिळवायची तर सुरुवात तुम्हा आयोवावाल्यांच्या बैठकांपासून. सगळ्या देशाच्या आधी तुमचं मत, म्हणून दर चार वर्षांनी तुम्हाला भाव चढतो. चढू दे. मला त्या भावाचाच उपयोग करून घ्यायचाय.

मी काय मागणार हे तू ओळखलं असशील. फेब्रुवारीत रॉलीला जाऊन दोन वर्षं होतील. सोळा वर्षं तो सरकारी संस्थेत होता, तिथल्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायचा. थॅकरने एका कायद्यावर सही केली आणि तसल्या सगळ्या संस्था बंद झाल्या. स्वतःचं नावही धड न सांगता येणाऱ्या माझ्या मुलाला त्यांनी शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत नेऊन सोडलं. दाराला साधी कडी. ती काढून तो बर्फात बाहेर पडला, अंगात कोट नव्हता. पुढचं लिहीत नाही, मातीला तू होतीस.

आमच्याकडे एप्रिलमध्ये पडद्याआड जाऊन मत द्यायचं असतं, कोणी काय केलं कुणाला कळत नाही. तुमच्याकडे सगळ्या गावासमोर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. म्हणूनच तुझ्याकडे मागते. त्याच्या कोपऱ्यात उभी राहू नकोस. बाकी कुणाच्याही राहा. दारुड्याच्या राहा, येड्याच्या राहा, माझं काही म्हणणं नाही.

तुझ्या ऑरिनची तब्येत कशी आहे? मशीनवर किती वेळ ठेवतात?

तुझी,
अर्डिस


एल्सबर्ग,
१३ जानेवारी

प्रिय अर्डिस,

पुढच्या वेळी पोळ्या पत्र्याच्या डब्यात घालून पाठवीन. पोस्टातली माणसं पार्सलवर बसतात की काय कोण जाणे.

तुला वाटतंय आमच्यापुढे उमेदवारांची मेजवानी मांडली आहे आणि आम्ही ताट भरून घ्यायचं तेवढं बाकी आहे. ऐक तर मग. सिनेटर ब्रॅडिन परवा शाळेत येऊन बोलला. आवाज काय, शब्द काय. गरिबांबद्दल बोलायला लागला तेव्हा मला हुंदका आला. मग निघताना त्याचा कोट धरायला जरा उशीर झाला, तर आपल्याच माणसावर असा खेकसला की माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथेच आटलं. सिनेटमधली त्याची मतं सगळी बरोबर आहेत म्हणतात. असतील. मला त्याच्याशी एका टेबलावर जेवायला आवडणार नाही.

दुसरी लिडिया स्ट्राउड. ही बाई खरं बोलते, आणि तेच तिचं दुखणं आहे. कर वाढवणार, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. तिच्या सभेला नऊ माणसं होती, त्यातली दोन ऊब घ्यायला आलेली. मला ती फार आवडली. पण मला आवडलेला माणूस आजवर कधी निवडून आलाय?

तुझ्या थॅकरबद्दल मी काही लिहीत नाही.

नोव्हेंबरात हरवायचंय ते आत्ता खुर्चीत बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला, हेही डोक्यात ठेवावं लागतं. त्याने पुन्हा चार वर्षं काढली तर आमच्यासारख्या गावांतली हॉस्पिटलं उरत नाहीत. आमच्या हॉस्पिटलावर टांगती तलवार आहेच. ऑरिनला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागतं. डाव्या हाताला सुया टोचून टोचून दोरखंडासारख्या शिरा वर आल्यात. तरी येताना नर्सना हसवून येतो. हे हॉस्पिटल बंद झालं तर पुढचं साठ मैलांवर, आणि आमचे रस्ते जानेवारीत कसे असतात हे तुला माहीत आहे.

पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मी आमच्या वॉर्डाच्या बैठकीची अध्यक्ष आहे, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. अध्यक्षाने कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलंच पाहिजे असं नाही. मी माणसं मोजणार, आकडे सांगणार आणि कॉफी ओतणार. झालं.

तुझी,
व्हर्ना


मार्लो फेरी,
२० जानेवारी

व्हर्ना,

सोबत आमच्या पेपरातलं एक कात्रण आहे. पान चारवरचं.

फोटोतलं टेबल मी ओळखलं. आईचं आहे. ताटलीही तिचीच, निळ्या काठाची. ताटलीत बटाट्याची पोळी आहे आणि ती अख्खी आहे, भुगा झालेली नाही. खाणारा थॅकर आहे. शेजारी ऑरिन, छातीवर थॅकरचा बिल्ला. खाली छापलंय, 'गव्हर्नर थॅकर, एल्सबर्गमधील आपले प्रमुख कार्यकर्ते ऑरिन टॉस्ट्रुड यांच्या घरी.'

कॉफीची किटली धरलेला एक हात कडेला आलाय. अंगठी तुझी आहे.

त्याच्याबद्दल तू काही का लिहीत नव्हतीस, ते कळलं.

अर्डिस


एल्सबर्ग,
२४ जानेवारी

प्रिय अर्डिस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी लपवलं, खरं आहे. तुला त्रास नको म्हणून लपवलं असं लिहायला बसले होते. ते खोटं आहे. मला लाज वाटत होती.

ऑरिन नोव्हेंबरापासून थॅकरचं काम करतोय. हॉस्पिटलसाठी. मी काय म्हणू त्याला? मशीनवर पडल्या पडल्या तो लोकांना फोन लावतो. नर्स टेलिफोन जवळ सरकवून देतात. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्याला कशासाठी एवढं धडपडताना पाहिलं नव्हतं. मग एक दिवस म्हणाला, "व्हर्न, गुरुवारी गव्हर्नर येतायत कॉफीला." जणू शेजारचा हार्लन यायचा होता.

तो आला. मी त्याचा द्वेष करायचं ठरवून ठेवलं होतं. पण त्याने दारात बूट काढले. अर्डिस, एवढे लोक येऊन गेले, एकानेही बूट काढले नव्हते. ऑरिनची बाही वर करून शिरा पाहिल्या आणि विचारलं, "हे घरी आल्यावर रात्रभर ठणकतं का?" हे ऑरिनच्या सख्ख्या भावाने कधी विचारलं नाही. मग पोळी खाता खाता स्वतःच म्हणाला, "मोठ्या संस्था बंद केल्या, त्यातून जे वाचलं त्यावर मी चौदा छोटी हॉस्पिटलं चालू ठेवली. वॉशिंग्टनमध्ये गेलो तर देशभर तेच करीन."

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी किटली धरून उभी होते, तोच तो फोटो. आत्ता बोल, आत्ताच विचार, रॉली त्या संस्थेत होता म्हणून सांग, असं माझं मन ओरडत होतं. आणि मी त्याला म्हटलं, "आणखी घेता का थोडी?" त्याने कप पुढे केला.

तुला मला दोष द्यायचा असेल तर फोटोबद्दल देऊ नकोस, त्या कपाबद्दल दे.

पण मला हेही सांग, की तुझ्याकडची ती चौदा हॉस्पिटलं खरंच चालू आहेत का? ऑरिनच्या जिवाचा प्रश्न आहे. मी तुलाच विचारणार, दुसऱ्या कुणाचा भरवसा धरू?

व्हर्ना


मार्लो फेरी,
३१ जानेवारी

व्हर्ना,

चालू आहेत. एक आमच्या गावापासून अकरा मैलांवर आहे. गेल्या वर्षी माझ्या हाताला प्लास्टर घातलं ते तिथेच. खोटं सांगून माझं काम झालं असतं, पण ते मला जमत नाही.

आणखी एक सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही. ती संस्था चांगली नव्हती. मूत्राचा वास भिंतींत मुरलेला होता. एका नाताळात रॉलीच्या पाठीवर वळ दिसले, मी विचारलं तर पडला म्हणाले. मी त्याला घरी आणायला हवं होतं. पण मी कारखान्यात पाळी करणारी एकटी बाई, तो माझ्यापेक्षा हातभर उंच आणि चिडला की दारं मोडणारा. म्हणून मी वळ पाहिले आणि घरी परत आले. संस्था बंद करणार म्हणाले तेव्हा आम्ही आयांनी टाळ्या वाजवल्या होत्या. छोटी घरं मिळतील, अंगण असेल, चार मुलांमागे एक बाई असेल असं सांगितलं होतं. कायद्यात ते लिहिलेलंही होतं. पैसा तेवढा त्या चौदा हॉस्पिटलांकडे वळला.

तेव्हा तो राक्षस नाही हे मला माहीत आहे. राक्षस असता तर सोपं गेलं असतं. एका बाजूला माझं पोर होतं आणि दुसऱ्या बाजूला ऑरिनसारखी हजार माणसं. त्याने हिशेब केला, आणि हिशेबात रॉली बसला नाही.

मी पुन्हा मागणार नाही. तुझा नवरा आहे, तुझं गाव आहे. तू जे करशील ते कर. फक्त कुठे उभी राहिलीस ते मला तूच कळव, पेपरातून कळू देऊ नकोस.

अर्डिस


एल्सबर्ग,
१० फेब्रुवारी

प्रिय अर्डिस,

काल बैठक झाली. सगळं सांगते, क्रमाने सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही.

शाळेच्या जेवणघरात जमलो. मीच लिंबाच्या वड्या नेल्या होत्या. दारात टेबल टाकून मी नावं लिहून घेत होते, आणि रीत म्हणून पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. तिथेच चूक झाली, पण तेव्हा ध्यानात आलं नाही. सगळे आल्यावर दार लावलं आणि म्हटलं, आता ज्याने त्याने आपापला कोपरा धरा.

पिआनोजवळ थॅकरवाले. पुढे ऑरिन, नव्या शर्टात. त्याचा ऊर भरून आला होता, बावीस माणसं त्याने एकेक करून जमवली होती. खिडकीशी ब्रॅडिनवाले, कोठारावरचा हार्लन त्यांचा म्होरक्या, ते बारा. आणि ताटं घासायच्या मोरीपाशी लिडिया स्ट्राउडची माणसं, शाळेत पुस्तकं द्यायची ती मर्टल क्विग आणि आणखी पाच जण. सहा.

नियम तुला माहीत नसेल. आलेल्या माणसांपैकी शेकडा पंधरा तरी कोपऱ्यात हवीत. नसतील तर तो कोपरा मोडायचा, तिथल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी. मी गणित मांडलं. चाळीस माणसं असती तर सहा पुरली असती. पण नावं एकेचाळीस होती, कारण पहिलं नाव माझं होतं. एकेचाळिसांना सात लागतात.

मी तीनदा मोजलं. मग जाहीर केलं, "स्ट्राउडच्या कोपऱ्याला एक माणूस कमी पडतंय."

लगेच बाजार सुरू झाला. हार्लन मर्टलला म्हणतोय, "चल गं मर्टल, तुझी नातवंडं माझ्या ट्रॅक्टरवर बसतात, विसरलीस?" ती म्हणतेय, "तुझा सिनेटर त्यांना खाली ढकलेल." ऑरिन हसत हसत सगळ्यांना पिआनोकडे बोलावत होता, "इथे जागा आहे, इथे ऊब आहे, या." मोरीपाशी ते सहा जण कोट सावरत उभे होते. तेवढ्यात मर्टल म्हणाली, "पण एकेचाळिसावं माणूस कोण? कोपऱ्यांत चाळीसच आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑरिन म्हणाला, "अगं, व्हर्नच ती. ये व्हर्न, कॉफी राहू दे, ये इकडे." त्याने हात पुढे केला. डावा हात.

तुझ्या पत्राचा मी विचार करत होते असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण त्या क्षणी डोक्यात काही नव्हतं. फक्त त्या कपाची लाज होती. मी चालायला लागले आणि मोरीपाशी जाऊन थांबले.

ऑरिन बोलला, हळू आवाजात, पण एवढ्याशा खोलीत सगळ्यांनी ऐकलं. "का गं?"

रागाने विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. तो खरंच विचारत होता. म्हणून मी सांगितलं. रॉलीचं सगळं सांगितलं. संस्था, खोली, कडी, कोट. त्या संस्थेच्या पैशावर तिकडची हॉस्पिटलं चालतात आणि तसल्याच एका हॉस्पिटलावर इथे माझा नवरा जगतो, तेही सांगितलं. म्हटलं, "मला दोन्ही कळतंय. पण त्या पोराच्या बाजूने या खोलीत एक तरी माणूस उभं असावं." मर्टलने माझा हात धरला. हार्लन बुटांकडे बघत होता. रेडिएटरला टेकून एक अनोळखी बाई उभी होती, मला वाटलं कुणाची तरी सून असेल. ती शहरातल्या पेपरची निघाली.

सात झाले. आमच्या वॉर्डातून लिडिया स्ट्राउडचा एक प्रतिनिधी पुढे गेला. बाकीचे बहुतेक थॅकरचेच, आणि आज सकाळी रेडिओवर सांगितलं की राज्यही त्यानेच जिंकलं. म्हणजे माझ्या तिथे उभं राहण्याने काडीचा फरक पडला नाही. घरात मात्र पडला.

घरी आल्यावर फाटक उघडताना ऑरिन म्हणाला, "माझ्या मरणाला तू मत दिलंस असं मी म्हणणार नाही. गावातले लोक म्हणतील. मी त्यांची तोंडं बंद करीन. पण मला तू आधी सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, मलाच माहीत नव्हतं. त्यावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि तुझाही बसणार नाही.

तर मी इथे उभी राहिले. तुला मीच कळवतेय.

व्हर्ना


एल्सबर्ग,
२ मार्च

प्रिय अर्डिस,

तुझं पत्र नाही. वाचून तुला रडू आलं असेल म्हणून मी वाट पाहतेय, घाई नाही.

इकडे थोडं निवळतंय. ऑरिन बोलतो, पण मोजकं. आज मशीनवरून आला आणि नर्सने सांगितलेला विनोद मला सांगितला, मग मधेच थांबला, रागावलो आहोत हे आठवल्यासारखा. हॉस्पिटलच्या दारात मला दोघीतिघी भेटतात त्या आता हवेबद्दलच बोलतात. लिडिया स्ट्राउडने माघार घेतली, वाचलं असशील. आता थॅकर आणि ब्रॅडिन दोघेच उरले, आणि म्हणतात की तुमच्या एप्रिलवर सगळं ठरणार.

एक चांगली गोष्ट सांगायची आहे. त्या पेपरातल्या बाईने रॉलीबद्दल लिहिलेलं सिनेटर ब्रॅडिनने वाचलं. त्याच्या ऑफिसातून एका माणसाचा फोन आला, फार अदबीने बोलला. सिनेटरना रात्री झोप लागली नाही म्हणाला. मुलाचा एखादा फोटो मिळेल का, त्यांना टेबलावर समोर ठेवायचाय. मी ब्रॅडिनला वाईट समजत होते, माणूस ओळखण्यात मी कच्चीच. धुलाईघरातला तो फोटो पाठवला, तू आणि रॉली चादरीची दोन टोकं धरून उभे आहात आणि तो हसतोय तो.

कुणीतरी मोठं माणूस रॉलीकडे बघणार आहे, या विचाराने मला दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. तुलाही वाटेल म्हणून लिहिते.

तुझी,
व्हर्ना


मार्लो फेरी,
९ एप्रिल

व्हर्ना,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फोन वाजला की तूच असणार म्हणून उचलला नाही. आता लिहिते, कारण मंगळवारी इथलं मतदान झालं आणि आता बोलायला हरकत नाही.

तो फोटो ब्रॅडिनच्या टेबलावर गेला नाही. तो आमच्या टीव्हीवर आला. मार्चच्या मध्यापासून रोज, बातम्यांच्या आधी आणि नंतर. पिआनो वाजतो, मग रॉलीचा चेहरा मोठा होत जातो, आणि एक जाड आवाज म्हणतो, 'गव्हर्नर थॅकरने यालाही काटकसर म्हटलं.' मग ब्रॅडिनचं नाव. फोटोत मी नाही. चादरीचं दुसरं टोक त्यांनी कापलं. त्यामुळे रॉली रिकाम्यात चादर धरून हसतोय असं दिसतं, जणू जगात त्याचं कुणी नव्हतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भांडी घासत होते. आवाज ऐकू आला नाही, वळले तर तो समोर. मला वाटलं मला काहीतरी झालंय. दुकानात, कारखान्यात, चर्चमध्ये लोक माझ्या दंडावर हात ठेवायला लागले. ज्या बाईने मातीला यायची तसदी घेतली नव्हती तिने मला केक आणून दिला. मी त्यांच्या ऑफिसला फोन केला. म्हणाले, फोटो कुटुंबाने आपणहून दिलाय.

शेवटी ब्रॅडिन इथल्या युनियनच्या हॉलमध्ये आला तेव्हा गेले. सांगणार होते की बंद करा. मागे भिंतीवर रॉलीचं पोस्टर, माणसाहून उंच. रांगेत माझा नंबर आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि रॉलीची गोष्ट मलाच सांगितली. सुरुवातीपासून. डोळे भरून आले होते त्याचे, आणि व्हर्ना, मला वाटतं ते खरे होते. मी कोण हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला मंचावर नेलं असतं. मी म्हटलं, "फार वाईट झालं," आणि बाहेर आले.

तुझ्यावर मी किती चिडले होते ते लिहीत नाही. मी तुला एका कोपऱ्यात उभं न राहायला सांगितलं होतं. तू माझं पोर सगळ्या देशाला वाटून टाकलंस. मला माहीत आहे, तू ते प्रेमाने केलंस. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत केलंस, आणि ते किती जड गेलं असेल हेही कळतं मला. तरी चीड जात नाही. जाईल तेव्हा कळवीन.

आता मंगळवारचं. मी पडदा ओढून आत उभी होते. मतपत्रिका छापून झाल्यावर स्ट्राउडबाईने माघार घेतली, त्यामुळे तिचं नाव होतं तसंच होतं. तिच्यापुढे खूण करायची हे मी घरूनच ठरवून आले होते. हात स्वच्छ राहिले असते. पेन टेकवलंही. मग वाटलं, हे मत म्हणजे घरी बसण्यासारखंच आहे, आणि उद्या हा ब्रॅडिन जिंकला तर नोव्हेंबरपर्यंत रॉली सगळ्या देशाच्या टीव्हीवर रिकाम्यात चादर धरून उभा राहणार. आणि मग, कोण जाणे का, ऑरिनचा हात आठवला. तू लिहिला होतास तसा, दोरखंडासारख्या शिरांचा. तू रॉलीसाठी त्या हाताकडे पाठ फिरवून चालत गेलीस. मी तसं मागितलं नव्हतं, तरी गेलीस.

मी थॅकरला मत दिलं.

कशासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. ऑरिनसाठी म्हणावं तर त्यात ब्रॅडिनवरचा सूड बराच होता. सूड म्हणावं तर खूण करताना मी रडत होते. माझ्या मुलाला ज्याने हिशेबातून वगळलं त्याच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने फुली मारली. बाहेर आल्यावर टेबलावरची बाई म्हणाली, "तुम्ही कुणाला दिलं ते विचारायलाच नको," आणि माझा हात दाबला. मी मान हलवली. आता सगळं गाव तेच धरून चाललंय, आणि मी ते तसंच चालू देणार आहे. तुमच्यासारखं खोलीच्या मध्यावरून चालत जावं लागलं असतं तर मी कुठे जाऊन थांबले असते, मला माहीत नाही. तुझ्याइतकं धैर्य माझ्यात नाही हे मात्र कळलं.

थॅकर जिंकला, ऐकलंच असशील. सहा हजार मतांनी.

हे तुला सांगितलं कारण तू मला कळवलं होतंस. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. ऑरिनला तर मुळीच नको. तो माझे आभार मानेल, आणि ते मला ऐकवणार नाही.

अर्डिस